आजोबांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतली नावं

वडाळ्याची_नात · शनिवार, रात्री ९:१०

नेवासे तालुक्यात आमचं घर. दिवे लागले की आजोबा ओसरीवर घोंगडी अंथरायचे आणि सगळ्यांना हाक मारायचे. एक गीत, बायबलमधला एक उतारा आणि मग प्रार्थना. प्रार्थना झाल्याशिवाय ताटं वाढली जात नसत, त्यामुळे आम्ही नातवंडं भुकेनं पेंगुळलेली. आजोबांची प्रार्थना लांब असायची. पाऊस, पीक, आजारी माणसं, कुणाच्या घरची बाळंतीण, सगळं त्यात यायचं. शेवटी उपकारस्तुती आणि तिच्या शेवटी नावं. "फेरबँक साहेबासाठी तुझे आभार मानतो, बापा. त्याच्या लेकांसाठी मानतो. हरिपंत खिस्त्यांसाठी, रामकृष्णपंत मोडकांसाठी मानतो. फरारबाईसाठी मानतो. टिळकांसाठी मानतो…" एकदा मी बोटांवर मोजली होती, अकरा नावं भरली.

यातल्या एकालाही आजोबांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी ही नावं घेतली, म्हणून ते घेत. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही सगळी आमच्याच भावकीतली माणसं असणार.

आजोबा गेल्यावर वडिलांनी काही वर्षं नावं चालवली, मग ती एकेक करून गळत गेली. पुण्यात माझ्या घरी रोज प्रार्थना होते, पण ती मुलीची परीक्षा, नवऱ्याचा प्रवास, आईचे गुडघे यांच्यापुढे जात नाही. अकरापैकी मला आज फक्त सात आठवतात आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता विचारायचं कारण. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या महिन्यात हंगामाच्या सणाची उपासना आहे. त्याच दिवशी तरुण संघातली एक मुलगी सेवेसाठी निघते आहे. परिचर्येचं शिक्षण नुकतंच पूर्ण करून ती नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या रुग्णालयात रुजू होणार आहे. पाळकांनी मला पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय, की आधी आलेल्यांचे आभार माना आणि पुढं जाणाऱ्यांना बळ द्या. भाषण करण्यापेक्षा मला आजोबांसारखी नावं वाचावीशी वाटतात. तुमच्या घरात अशी कुणाची नावं घेतली जात होती का? ती का घेतली जात, हेही लिहा.

सुरुवात मी करते. आजोबांचे फेरबँक साहेब म्हणजे सॅम्युएल फेअरबँक. नगर–औरंगाबाद रस्त्यावरच्या वडाळ्याला, आमच्या भागात, १८५७ च्या सुमारास ते राहायला आले. १८९८ मध्ये वारले. त्यांच्यामागे एडवर्ड आणि हेन्री या त्यांच्या मुलांनी याच जिल्ह्यात काम केलं. शाळा, दवाखाना, विहिरी, सुधारलेली शेतीची अवजारं. आमच्या गावात लिहिता-वाचता येणारं पहिलं माणूस त्यांच्या शाळेतून बाहेर पडलं आणि ते माणूस माझे खापरपणजोबा होते.


जुनी_पोथी · शनिवार, रात्री १०:३२

ताई, आजोबांची यादी ऐकून थक्क झालो. अमेरिकन मराठी मिशनचा जवळजवळ सगळा इतिहास त्यांनी घोंगडीवर बसून जपला होता. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे नगरच्या मंडळीचे पहिले देशी पाळक, १८५४ साली त्यांची दीक्षा झाली. तुम्हाला न आठवणाऱ्या चारांत कोण असतील याचा अंदाज बांधतो. हेन्री बॅलंटाइन असतील. १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं तेव्हा त्याचे संपादक तेच होते, आणि आपल्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली कितीतरी गीतं त्यांनी मराठीत आणली. डॉक्टर ह्यूम असतील, ज्यांच्या नावाचं चर्च नगरमध्ये आहे. मुंबईतच जन्मलेले रॉबर्ट ह्यूम १९०० च्या दुष्काळात अन्नधान्य आणि अनाथ मुलं यांच्यामागे अक्षरशः धावत होते.

फरारबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यांचं ऋण फक्त ख्रिस्ती घरांपुरतं नाही. सिंथिया फरार १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या. अमेरिकेतून परदेशी सेवेला गेलेल्या अगदी पहिल्या अविवाहित बायांपैकी ही एक. त्यांच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ मध्येच सुरू केली होती. त्या कामाला पूर्ण वेळ देणारं कुणी हवं होतं, म्हणून या आल्या. १८३९ मध्ये त्या नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथंच वारल्या. चौतीस वर्षं मुली गोळा करणं, आयांना समजावणं, लग्नामुळे शाळा सुटली की पुन्हा नव्या मुली शोधणं. जोतीराव फुले मित्राबरोबर नगरला गेले तेव्हा त्यांनी ही शाळा पाहिली. तिथली शिस्त आणि शिकवण्याची पद्धत पाहून आपणही मुलींसाठी शाळा काढावी असं मनात आलं, हे जोतीरावांनी स्वतः सांगून ठेवलंय. त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढं जाणाऱ्यांना बळ द्यायचं म्हणता ना? फरारबाईंना जोतीराव कोण होणार हे त्या दिवशी माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. दारात दोन तरुण पाहुणे आले, त्यांनी शाळा पाहिली आणि ते गेले. तुमच्या नर्स मुलीला मी एवढंच सांगेन, की पाहुण्यांसाठी दार उघडं ठेव.


डोंगरगणकर · रविवार, सकाळी ७:०५

जुनी_पोथी सर, त्याच्याही आधीचं एक नाव घालायला हवं. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल. १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत आले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. तेरा वर्षांनी, १८२६ च्या मार्चमध्ये, ते नाशिककडे गेले. तिकडे कॉलऱ्याची साथ चालू होती. जवळची औषधं त्यांनी लोकांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच कॉलरा झाला. तेव्हा स्वतःसाठी औषध उरलेलं नव्हतं. एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर त्यांनी प्राण सोडला. सोबत होती ती मिशनच्या शाळेतली दोन मराठी पोरं. त्या पोरांनीच खड्डा खणून त्यांना मूठमाती दिली.

मला त्या देवळाच्या ओसरीचं फार वाटतं. मरायला टेकलेल्या परक्या माणसाला गावाने ओसरीवर पडू दिलं. तुमच्या यादीत त्या गावाला जागा द्या, आणि त्या दोन पोरांनाही.


वडाळ्याची_नात · रविवार, सकाळी ११:४८

मंडळीतून आत्ताच आले. गॉर्डन हॉल यांच्याविषयी वाचून गाडीतच डोळे भरले. त्या दोन पोरांची नावं कुठं मिळतील का?


जुनी_पोथी · रविवार, दुपारी १२:२०

ताई, मिशनच्या छापील अहवालांत अशा माणसांना बहुतेक ठिकाणी 'एक देशी बंधू', 'दोन मुलगे', 'एक बायबलबाई' (घरोघरी बायबल वाचून दाखवणारी) एवढंच म्हटलेलं असतं. आपल्या कृतज्ञतेतली सर्वांत मोठी फट हीच आहे. साहेबांची नावं दगडांवर आहेत. साहेबांना मराठी ज्यांनी शिकवली त्यांची फार थोडी टिकली. टिकलेलं एक घ्या. बंगालात श्रीरामपूरला बसून विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. त्यांच्यामागे वैजनाथ पंडित होते. मराठी बायबलचा आभार मानायचा तर वैजनाथ पंडितांना वगळून मानता येत नाही.

आणि बाबाजी. १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्हज, रीड आणि हार्वी हे तिघे नगरला मिशन काढायला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. हार्वी वर्षाच्या आत कॉलऱ्याने गेले. बाबाजीही फार जगले नाहीत. नगरच्या मंडळीच्या पायाभरणीत या दोघांची माती आहे.


मिरजकर_काका · रविवार, दुपारी ३:१५

आमच्याकडे नाव घेतलं जायचं ते वानलेस साहेबांचं. आम्ही ख्रिस्ती नाही. माझी आजी वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. तरी आषाढीला निघायच्या आधी देवापुढं दिवा लावताना ती 'वानलेस डाक्तराचं भलं कर' म्हणायचीच. तिच्या वडिलांचे मोतीबिंदू मिरजेत काढले होते आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा स्वतःच्या पायांनी पंढरी केली होती.

विल्यम वानलेस कॅनडाचे. १८८९ मध्ये सांगलीत आले, तिथून मिरजेला. १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं. तीनच वर्षांत वैद्यकीय शाळा काढली, कारण एकटा माणूस किती हात लावणार? मला वाटतं त्यांचं मोठेपण या शाळेत जास्त आहे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आपल्या हाताने जेवढे वाचवील तेवढेच वाचवील. त्यांनी इथल्याच पोरांना शिकवून गावोगाव पाठवलं. पुढं कुष्ठरोग्यांसाठी आश्रम केला, क्षयरोग्यांसाठी १९२० मध्ये आरोग्यधाम उभारलं. त्या माळाचं नाव आज वानलेसवाडी आहे. रिक्षावाला दिवसातून वीसदा ते नाव घेतो आणि कोण वानलेस हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. परवा एका रिक्षावाल्याला मी सांगितलं. त्याने रिक्षा बाजूला घेऊन सगळं ऐकलं.


स्पष्टच_बोलतो · रविवार, संध्याकाळी ६:४०

मी ख्रिस्ती नाही, आणि इथं कुणाचं मन दुखवायला आलेलो नाही. वानलेस, फरार यांच्याबद्दल माझ्या मनातही आदर आहे. पण एक गोष्ट न बोलता पुढं जाणं मला जमणार नाही. याच मिशनऱ्यांपैकी अनेकांनी आमच्या देवांविषयी, सणांविषयी जे लिहिलं आणि चौकाचौकांत जे बोललं, ते वाचताना आजही त्रास होतो. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांना त्यांच्याशी जाहीर वाद करावे लागले, ते उगीच नाही. दुष्काळात धान्य देणाऱ्या हाताचा धर्म घेणारी माणसं खरोखर किती मोकळी होती, हा प्रश्नही मला पडतो. ताई, तुमच्या पंधरा मिनिटांत याला जागा आहे का?


तांबडी_माती · रविवार, रात्री ८:५५

दादा, तुमचा प्रश्न मनापासून आलाय, म्हणून मनापासून उत्तर देतो. माझे पणजोबा महार. वेशीबाहेर घर, पाणी वरून ओतलेलं, मेलेलं ढोर ओढायचं काम. त्यांना मिशनच्या शाळेत पाटी मिळाली. त्या शाळेत महाराचं पोर बाकावर बसवलं म्हणून वरच्या जातीच्या लोकांनी आपली पोरं काढून नेली. शाळेने पोरं जाऊ दिली आणि पणजोबांना बाकावरून उठवलं नाही. आमच्या घराण्याचा ख्रिस्त त्या बाकावर भेटलेला आहे. पणजोबा धान्यासाठी ख्रिस्ती झाले असं कुणी म्हटलं की मला राग येतो, कारण त्यात पणजोबांना स्वतःचं डोकं होतं हेच नाकारलं जातं. ते भुकेले होते हे खरं. त्यांनी निवडलं हेही खरं.

पण मिशनऱ्यांचंही सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पैसा आणि अधिकार फार काळ साहेबांच्या बंगल्यात राहिला. आमच्या सुवार्तिकांना तुटपुंजा पगार, वर हिशेब द्यायचा साहेबाला. आजोबांच्या यादीतले टिळक, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, यांना हे खुपलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, जिथं येशूचा शिष्य व्हायला कुठल्या मिशनच्या वहीत नाव लागत नव्हतं. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा तो माणूस. आभार मानायचेत तर त्या भांडणाचेही माना. मिशनवर प्रेम होतं म्हणून ते भांडले, आणि त्यांचीच गीतं आज आपण मंडळीत सर्वांत जास्त गातो.


जुनी_पोथी · रविवार, रात्री ९:३०

तांबडी_माती यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. स्पष्टच_बोलतो, तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला एक जोड देतो. त्याच मिशनमधले जस्टिन अ‍ॅबट. लहानपणीच इथं आलेले, मराठी भाषा अंगात मुरलेली. १९१० मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेला परतले आणि उरलेलं आयुष्य एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, महिपती यांना इंग्रजीत नेण्यात घालवलं. महिपतींच्या भक्तविजयाचं भाषांतर त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केलं. १९३२ मध्ये वारले, तोवर हेच काम चालू होतं. आधीच्या पिढीने ज्या भक्तीवर टीका केली, तिच्यापुढं त्यांच्याच मिशनचा एक माणूस वीस वर्षं विद्यार्थ्यासारखा बसला. एकाच संस्थेत दोन्ही घडलं. दोन्ही सांगावं.


स्पष्टच_बोलतो · रविवार, रात्री १०:०२

तांबडी_माती, बाकाची गोष्ट मी विसरणार नाही. माझ्या प्रश्नात तुमचे पणजोबा कुठंच नव्हते, हे आता लक्षात येतंय. अ‍ॅबट यांच्याबद्दल वाचतो. धन्यवाद.


रानवाटा · सोमवार, सकाळी ६:२०

मी पक्षीनिरीक्षक, धर्माच्या विषयात फारसा बोलत नाही. फेअरबँक हे नाव वाचून मात्र दचकलो. तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरात एक छोटा, छातीला राखी-पांढुरका गाणारा पक्षी आहे, हास्यकस्तुरांच्या जातीतला. त्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' आहे. ते नाव तुमच्या वडाळ्याच्या फेअरबँक साहेबांवरूनच पडलंय! ते पक्षी, शंखशिंपले, वनस्पती गोळा करून अभ्यासकांना पाठवत. मी तो पक्षी दोनदा पाहिला आणि ऐकला आहे. एका खेड्यातले आजोबा रोज संध्याकाळी ज्या माणसाचं नाव घेत होते, तेच नाव मी दुर्बिणीतून पाहत होतो.


वेंगुर्ला_बंदर · सोमवार, सकाळी ९:४५

आमच्याकडचं नाव गोहीन डॉक्टर. वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन होते. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, १९१९ मध्ये १५ ऑगस्टला वेंगुर्ल्यात जन्मला. पुढं तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला. आमची चुलतआजी त्या रुग्णालयात आया होती. राजदूताची बातमी रेडिओवर लागली तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्या डॉक्टराचो झील इलो."


कोल्हापुरी_पाखरू · सोमवार, दुपारी १:१०

पुढच्यांना प्रेरणा हा विषय असेल तर कोल्हापूर सोडून चालणार नाही. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. तब्येत ढासळल्याने वडिलांना अमेरिकेला परतावं लागलं. तिथं प्रिन्स्टनच्या त्यांच्या घरी रॉबर्ट आणि त्याचे सोबती जमायचे, परदेशी सेवेसाठी प्रार्थना करायचे. शेजारच्या खोलीत बहीण ग्रेस प्रार्थना करत असायची. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी आम्ही जाऊ म्हणून नाव दिलं. त्या ठिणगीतून विद्यार्थी स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत हजारो तरुण-तरुणी जगभर गेले. ग्रेस स्वतः आईबरोबर पुन्हा कोल्हापूरकडे आली.

आजारपणामुळे माघारी गेलेला एक म्हातारा आणि कोल्हापूरच्या मातीत वाढलेली त्याची दोन मुलं. आपल्याला सेवा सोडून परत यावं लागलं म्हणजे सगळं वाया गेलं, असं जिला वाटेल त्या प्रत्येकीला ही गोष्ट सांगा. मला ती कुणीतरी वेळेवर सांगायला हवी होती.


वडाळ्याची_नात · सोमवार, रात्री ९:००

कोल्हापुरी_पाखरू, तुमचं शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. कधी बोलावंसं वाटलं तर मला खाजगीत लिहा.


खर्डा_रोड · मंगळवार, सकाळी ८:३०

वडाळा म्हटलं की जामखेडला यावंच लागतं. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे तमिळनाडूतल्या वेल्लोरला शिकले. वेल्लोरचं वैद्यकीय महाविद्यालय आयडा स्कडर यांनी उभं केलं. आयडा एका मिशनरी घराण्याच्या तिसऱ्या पिढीतल्या. मुलगी असताना एका रात्री तिंडिवनममध्ये तीन बायका बाळंतपणात दगावलेल्या त्यांनी पाहिल्या, पुरुष डॉक्टर घरातल्यांना चालत नव्हता म्हणून. तिथं शिकलेलं हे जोडपं १९६२ मध्ये कुठं आलं? ताईंच्या वडाळ्याला, मिशनच्या दवाखान्यात. तिथं चार वर्षं रोगी तपासताना त्यांच्या लक्षात आलं की दारात येणारे बहुतेक आजार गावातच टळण्यासारखे आहेत. मग बाहेर जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला बसले. पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या, पडीक दवाखान्यात.

माझी मावशी त्यांनी तयार केलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी एक. तिला सही करता येत नव्हती. नवऱ्याने टाकलेली, गावात कुणी विचारत नव्हतं. आठवड्यातून एकदा जामखेडला जाऊन शिकायची आणि परत येऊन बाळंतपणं, जुलाबाला साखर-मिठाचं पाणी, पोरांची वजनं. पहिल्या वर्षी वरच्या आळीत तिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. पाचव्या वर्षी त्याच आळीतली सून अडली तेव्हा रात्री दोनला कंदील घेऊन तिला न्यायला आले. तिने किती बाळंतपणं केली विचारलं तर ती म्हणायची, "मोजली नाहीत, पण एकही बाई गमावली नाही." आरोळे पतीपत्नींना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर जामखेड पाहायला यायला लागले, आणि त्यांच्यापुढं शिकवायला उभ्या राहायच्या त्या या बाया.

मावशीच्या घरी देव्हारा होता, शेवटपर्यंत होता. डॉक्टरांनी तिला कधी देव बदलायला सांगितलं नाही. त्यांना मिशनरी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो.


वडाळ्याची_नात · मंगळवार, रात्री १०:१५

खर्डा_रोड दादा, वडाळ्याचा दवाखाना मी लहानपणी पाहिलाय, तिथल्या कडुनिंबाखाली बसलेय, पण त्या ओळीत वेल्लोर आणि जामखेड असे दोन्ही बाजूंनी जोडलेले मला कधी दिसले नव्हते. मावशींचं नाव मी यादीत घेऊ का?


खर्डा_रोड · बुधवार, सकाळी ७:५०

घ्या ताई. खाजगीत पाठवतो. तिला आवडलं असतं.


पहाटपाळी · गुरुवार, रात्री ११:४०

नमस्कार. ज्या मुलीबद्दल ताईंनी लिहिलंय ती मीच. इथं खातं उघडून पहिल्यांदाच लिहितेय.

घरी सगळे म्हणतायत, परदेशात नर्सेसना एवढी मागणी आहे, तू नंदुरबारला कशाला चाललीस? बाबा बोलत नाहीत, पण त्यांनी माझ्या बॅगेसाठी कुलूप आणून ठेवलंय. मला भीती वाटते. भाषा येत नाही. रात्री एकटीच कर्तव्यावर असेन आणि डॉक्टर पोचायला वेळ लागेल, अशी वेळ येणारच. मी फार मोठ्या विश्वासाची मुलगी नाही. महाविद्यालयात शेवटच्या वर्षी आम्हाला दोन आठवडे तिकडच्या भागात नेलं होतं. एक बाई नऊ महिन्यांचं पोट घेऊन चालत आली होती. तिने माझा हात धरला आणि सकाळपर्यंत सोडला नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण एवढंच आहे.

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. फरारबाई, मिरजेचे डॉक्टर, जामखेडची मावशी यांच्याबद्दल वाचून धीर आला. पण सगळ्यात जास्त धीर आला तो त्या वाइल्डर आजोबांच्या परत येण्याने. आता वाटतं, मला नाही जमलं आणि परत यावं लागलं, तरी चालेल.


कोल्हापुरी_पाखरू · शुक्रवार, सकाळी ६:०५

बाळा, चालेल. आणि ताई, तुम्हाला लिहिते आज.


जुनी_पोथी · शुक्रवार, सकाळी ९:१५

पहाटपाळी, तिथं पोचल्यावर पहिल्या महिन्यातच भाषा शिकायला सुरुवात करा. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण ओव्यांत छापलं गेलं. "जैसी हरळांमाजी रत्नकिळा, कि रत्नांमाजी हिरा निळा, तैसी भासांमाजी चोखळा, भासा मराठी" हे त्या इंग्रज पाद्र्याने लिहिलं. त्याच्यावर प्रेम करायला मराठी माणसाला आणखी काही लागत नाही. तुमच्या रोग्यांनाही फार काही लागणार नाही. त्यांच्या बोलीत "कुठं दुखतंय" एवढं विचारता आलं की पुरे.


वडाळ्याची_नात · तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:२०

उपासना झाली. पंधराची चोवीस मिनिटं झाली, पाळकांनी अडवलं नाही.

मी नावं वाचली. प्रत्येक नावामागे एक-दोन वाक्यं, बस. गॉर्डन हॉल, आणि त्यांना मूठमाती देणारी दोन पोरं. ओसरी देणारं गाव. वैजनाथ पंडित. हार्वी आणि बाबाजी. सिंथिया फरार. बॅलंटाइन. खिस्ती आणि मोडक. फेअरबँक बापलेक. ह्यूम. वाइल्डर कुटुंब. वानलेस आणि त्यांच्या शाळेत शिकलेले सगळे. वेंगुर्ल्याचे गोहीन आणि तिथली आया. अ‍ॅबट आणि गोडबोले. टिळक, आणि त्यांचं भांडणही. आरोळे पतीपत्नी आणि जामखेडची मावशी. स्पष्टच_बोलतो दादांचा प्रश्न मी तसाच्या तसा मंडळीपुढं ठेवला. कुणी चुळबुळ केली नाही. एक वयस्कर बाई नंतर येऊन म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. माझ्या माहेरचे लोक हेच विचारतात आणि मी गप्प बसते."

मधे मी थांबले आणि म्हटलं, तुमच्या घरचं एक नाव मोठ्याने घ्या. आधी शांतता. मग मागून एका आजोबांनी एका बायबलबाईचं नाव घेतलं, आणि मग नावं थांबेनात. पंचविसेक तरी आली असतील. ती लिहून घ्यायला तरुण संघातल्या दोघांना बसवलं होतं.

शेवटी आमच्या मुलीचं नाव घेतलं. तिच्या बाबांनी उभं राहून प्रार्थना केली. ते मंडळीत कधीच मोठ्याने प्रार्थना करत नाहीत.

घरी आल्यावर माझ्या लेकीने विचारलं, "रात्री ही सगळी नावं घ्यायची?" मी म्हटलं, रोज सात घेऊ, आलटून पालटून. आजच्या सातांत तिने जामखेडच्या मावशी आणि रानवाटा यांचा पक्षी निवडला. पक्ष्याचाही आभार मानला, मी अडवलं नाही.


रानवाटा · रविवार, रात्री ८:०२

तिला सांगा, पुढच्या हिवाळ्यात पळणीला चला. दाखवतो.


पहाटपाळी · पंधरा दिवसांनी, बुधवार, पहाटे ४:५०

सगळ्यांना नमस्कार. पोचून दहा दिवस झाले. नेट कधीतरीच मिळतं. आज रात्रपाळी आहे, वॉर्ड शांत झाला म्हणून लिहितेय. तिसऱ्या दिवशी एक बाळंतपण आलं, पायाळू. डॉक्टर पोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर माझ्यापेक्षा वयाने मोठ्या इथल्या आयाबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, कुठं हात लावायचा नाही ते सांगत. बाळ आणि आई दोघंही ठीक आहेत.

त्याच मला इथली मावची बोली शिकवतायत. रोज दहा शब्द, आणि चुकले की तोंडावर हात ठेवून हसतात. कुठं दुखतंय हे आता विचारता येतं, उत्तर अजून अर्धंच कळतं. प्रार्थनेत माझं नाव घेत असाल तर त्यांचंही घ्या. नाव ताईंना खाजगीत पाठवलंय.